‘तुगारिनोव्ह’वरचा एक जास्त माणूस

लक्ष द्या. संध्याकाळची हजेरी.

पहिलं नाव नेहमी तेच.

"नाविक शिल्यायेव, रोदिओन."

रांगेच्या उजव्या टोकाला उभा असलेला लाव्रेंती कुझ्मिच ओबुखोव्ह समोर बघत उत्तर द्यायचा, "जहाजावर आहे."

मग बाकीच्यांची नावं. मग मोजणी. मोजणीत ओबुखोव्ह दोनदा बोलायचा. आपल्या उजवीकडच्या मोकळ्या जागेसाठी "एक". मग क्षणभर थांबून, जरा वेगळ्या आवाजात, स्वतःसाठी "दोन". पुढे तीन, चार, पाच करत आकडा रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा आणि तिथे एलिझार फोकिन घसा खाकरून शेवटचा आकडा टाकायचा. तो कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमी एकाने जास्त असायचा. ‘तुगारिनोव्ह’वर हे सगळ्यांना माहीत होतं. नवा आलेला अधिकारी पहिल्या संध्याकाळी गोंधळायचा, दुसऱ्या संध्याकाळी विचारायचा आणि तिसऱ्यापासून गप्प बसायचा.

रोदिओन शिल्यायेवला मरून पाव शतक उलटलं होतं.

तशी ही रीत नवी नाही. नौदलात कामावर असताना मेलेल्याचं नाव कायमचं हजेरीत ठेवतात, त्याचा बिछाना रोज घालतात, आणि नाव पुकारलं की रांगेतला कुणीतरी सांगतो, कर्तव्य बजावताना वीरमरण. पण ‘तुगारिनोव्ह’च्या पहिल्या कप्तानाच्या तोंडून ते शब्द निघेनात. पोराला पुरून आल्यावर तो रांगेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, वीरमरण वगैरे मला ठाऊक नाही, शिल्यायेव जहाजावर आहे. तेव्हापासून उत्तर तेच झालं. पुढे कप्तान गेला, देश बदलला, जहाजावरचा झेंडा बदलला. उत्तर तेवढं राहिलं.

*

झालं होतं ते असं.

नॉर्वेच्या बाजूच्या समुद्रात, तिसऱ्या फेरीला, मागच्या टर्बाइनच्या खोलीत वाफेचा पाइप फुटला. अणुभट्टीचा त्यात काही दोष नव्हता, ती आपल्या जाड भिंतींआड शांत होती. फुटली ती साधी वाफ. पण तिचा जोर इतका, की दिसायच्या आधी ती माणसाला शिजवते. खोलीत सहा जण होते. पाच जण शिडीने वर आले. रोदिओन खाली राहिला, कारण झडप बंद करायचं चाक त्याच्या बाजूला होतं. त्याने आधी ओरडून दार लावायला सांगितलं आणि मग आतूनही खीळ ओढून घेतली.

नियम असा, की खोली एकदा बंद झाली की हुकूम आल्याशिवाय उघडायची नाही. एका खोलीसाठी अख्खं जहाज घालवायचं नाही. हुकूम यायला वेळ लागला. तेवढा वेळ वर आलेले पाच जण दाराशी उभे होते आणि आतून ठोकल्याचा आवाज येत होता. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. नंतर दोन. नंतर बराच वेळ काही नाही, आणि मग एकच.

त्या पाचांतला ओबुखोव्ह एक. तेव्हा तो रोदिओनपेक्षा दोनच वर्षांनी मोठा होता. बाकीचे चौघे नोकरी सोडून कुठे कुठे गेले. हा राहिला आणि मिचमन झाला. मिचमन म्हणजे ना धड अधिकारी ना धड खलाशी, पण सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे.

*

जहाजाबद्दल, एका दमात :

बाल्टिकच्या गोदीत जन्मलं, बँड वाजला, बाटली फुटली, उत्तरेला आलं, चार फेऱ्या केल्या, एकदा भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन अमेरिकन जहाजांच्या दुर्बिणींतून स्वतःला बघून घेतलं, पाचव्या फेरीआधी दुरुस्तीसाठी म्हणून कोला खाडीच्या एका फाट्यात धक्क्याला बांधलं, दुरुस्तीचे पैसे पुढच्या वर्षी येणार होते, पुढच्या वर्षी देशच राहिला नाही, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, भट्टीतलं इंधन काढून नेलं, मग त्याच बनावटीच्या धाकट्या जहाजाला समुद्रात जायचं होतं म्हणून ह्याचे पंप काढले, मग झडपा, मग रडारची एक बाजू, मग स्वयंपाकघरातली मोठी कढई, मग कप्तानाच्या खोलीतली खुर्ची, कारण धाकट्यावरची मोडली होती, आणि प्रत्येक वेळी सांगितलं की परत देऊ, आणि प्रत्येक वेळी ओबुखोव्हने बोल्ट काढलेल्या भोकांत तेलात बुडवलेल्या चिंध्या कोंबल्या, गंज चढू नये म्हणून, परत बसवताना सोपं जावं म्हणून.

धाकटं जहाज अजून समुद्रात जातं. त्याच्या पोटात अर्धा ‘तुगारिनोव्ह’ आहे.

*

बांधून ठेवलेल्या जहाजाची देखभाल म्हणजे त्याला उबेत ठेवणं. किनाऱ्यावरच्या बॉयलरमधून पाइपाने वाफ यायची. ती थांबली की जहाज गारठलं, आत राहिलेलं पाणी गोठलं, नळ फुटले, संपलं. म्हणून हिवाळाभर ओबुखोव्ह आणि फोकिन पाइपांवर हात फिरवत हिंडायचे, आजारी गुराच्या अंगावरून फिरवावा तसे. टर्बाइनचा जाड दांडा एकाच अंगावर पडून वाकू नये म्हणून त्याला थोडं थोडं फिरवून ठेवायचे. ओल शोषणाऱ्या पिशव्या बदलायचे. मुख्यालयातून कुणी येणार असलं की धक्क्याकडची बाजू रंगवायची. समुद्राकडच्या बाजूला गेली दहा वर्षं कुणी हात लावला नव्हता. फोकिन म्हणायचा, म्हातारी फोटोला बसते तशी, एका अंगाने.

एलिझार फोकिन विजेचं काम बघायचा. बुटका, मिशाळ, कशालाच न मानणारा. रोदिओनचा बिछाना रोज घातला जायचा, आणि दुपारच्या जेवणात त्याच्या जागी सुक्या फळांच्या पाण्याचा एक पेला ठेवला जायचा. तो पेला दुसऱ्या दिवशी सकाळी फोकिन प्यायचा.

"लाज नाही वाटत?" ओबुखोव्ह विचारायचा.

"त्याने घेतला असता तर मी घेतला असता का?"

"एक दिवस येईल आणि मानगूट धरील तुझी."

"येऊ दे की. पत्ते खेळायला तिसरा मिळेल."

आणि ठोके. जहाजावर सगळ्यांना ठोके ऐकू यायचे. ऊन उतरलं की लोखंड आक्रसतं, भरती चढली की बाजू धक्क्याला घासते, वाफेच्या पाइपात पाणी साचलं की घण मारल्यासारखा दणका बसतो. हे सगळ्यांना समजत होतं. तरी मागच्या बाजूने आवाज आला की जेवता जेवता कुणीतरी मान वर न करता म्हणायचं, "रोद्या ठोकतोय," आणि दुसरा म्हणायचा, "ठोकू दे." त्यावर कुणी उठायचं नाही. पहिल्या वर्षी उठायचे. कंदील घेऊन खाली जायचे, दार उघडायचे. आत टर्बाइन आणि काळोख. इतक्या वेळा उठल्यावर मग न उठणं हीच जहाजाची सवय झाली. ती सवय नव्या माणसाला रोदिओनचं नाव सांगण्याआधी शिकवली जायची.

ओबुखोव्हही उठत नसे. फक्त त्याचा चमचा थांबायचा.

*

लक्ष द्या. जहाज सेवेतून कमी करण्यात आलं आहे.

हे कर्ण्यावरून सांगितलं नाही. कमांडर सावेल्येवने माणसांना खाण्याच्या खोलीत बसवून सांगितलं. सावेल्येव तरुण होता, दीड वर्षापूर्वी आलेला, माणसांशी नीट बोलणारा. पांढऱ्या समुद्रावरच्या गोदीत जहाज ओढून नेणार, तिथे ते कापणार, भट्टीचा भाग वेगळा करून पुरून ठेवणार. त्याआधी खोल्या रिकाम्या करायच्या, दारं बंद करायची, आणि वाटेत आग लागू नये म्हणून मागच्या खोल्यांत नायट्रोजन भरायचा. त्या हवेत काडी पेटत नाही आणि माणूस जगत नाही. पितळ-तांबं कुणी काढून नेलं तर सरळ कोर्टात, हेही त्याने सांगितलं, कारण शेजारच्या धक्क्यावर तसं झालं होतं.

माणसं उठून गेली. ओबुखोव्ह बसून राहिला.

त्याने कमांडरला एकच विचारलं. शिल्यायेवचं काय?

सावेल्येवला आधी कळलंच नाही. मग त्याने टोपी टेबलावर ठेवली. ओबुखोव्ह सांगत गेला. जहाज कापलं की हजेरी संपली. हजेरी संपली की रोदिओन कुठेच नाही. पण धाकट्या जहाजावर नाव लावून घेता येतं, पूर्वी एकदोन ठिकाणी तसं झालंय, त्याने चौकशी केली होती. अट एकच. शेवटच्या दिवशी जहाज सोडून उतरलेल्या माणसांच्या आकड्यात तो असला पाहिजे. मुख्यालयाने तो आकडा मान्य केला पाहिजे. जहाजावरून उतरला असं दिसलं, तरच दुसऱ्या जहाजावर चढवता येईल.

"साहेब, तिकडे अर्धा ‘तुगारिनोव्ह’ गेलाय. पंप गेले, झडपा गेल्या. तो एकटाच इथे राहिला."

सावेल्येव म्हणाला, बघतो. लिहितो मुख्यालयाला.

त्यानंतर पंधरवडाभर ओबुखोव्हने त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती होती. रोदिओनची आई व्यात्काजवळच्या एका खेड्यात होती, सेराफिमा तीखोनोव्हना. दरवर्षी नौदल दिनाला ओबुखोव्ह तिला फोन करायचा आणि ती एकच विचारायची, "आहे ना रे?" आणि तो म्हणायचा, "जहाजावर आहे, आई." पुढच्या वर्षी काय सांगायचं, हे तो रोज मनात जुळवायचा आणि ते जुळायचं नाही.

शेवटच्या सकाळी दोघं चिंध्या गोळा करत असताना फोकिनने विचारलं, "काय घेऊन जाणार तू इथून?"

"काही नाही. कोर्टात कोण जाईल?"

"तरी पण. मागितलंस तर काय मागशील?"

ओबुखोव्हने नजर न उचलता सांगितलं, मागच्या टर्बाइनखाली, त्या चाकाशेजारी, रोद्याच्या नावाची पट्टी आहे ना. तळहाताएवढी. ती.

"पितळ आहे ती," फोकिन म्हणाला.

"म्हणूनच म्हटलं, काही नाही."

फोकिन हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तारांचं वेटोळं खांद्यावर टाकून निघून गेला.

*

धक्क्यावर. दुपार, पण त्या महिन्यात दुपार म्हणजे करडा उजेड. बर्फ आडवं येत होतं. सगळ्यांनी कान झाकलेले, गळपट्टे नाकापर्यंत ओढलेले. गेला आठवडाभर माणसं थोडी थोडी करून लॉरीने दुसरीकडे जात होती, नेमकी किती उरली ते ओबुखोव्हने मोजलं नव्हतं. वाफेचा पाइप सकाळीच तोडला होता आणि जहाज पहिल्यांदाच आपल्या अंगावरचं बर्फ वितळवत नव्हतं. डेकवर ते पांढरं साचत चाललं होतं.

मुख्यालयाचा एक कॅप्टन गाडीतून उतरला. त्याच्या हातात कागद होता आणि त्याला परत गाडीत बसायचं होतं. पलीकडे नायट्रोजनच्या टाक्यांची गाडी उभी होती. तिच्यावरची मुकादम इन्ना रोबेर्तोव्हना नावाची धिप्पाड बाई होती. गोदीची माणसं तिला घाबरायची. तिच्या माणसांनी खाली जाऊन मागच्या खोल्यांची दारं लावली होती, बाहेरून पाचरी ठोकल्या होत्या, नळी जोडली होती. सगळे उतरले असं कळेपर्यंत ती झडप उघडणार नव्हती.

"नावं नकोत," कॅप्टन म्हणाला. "गारठतील सगळे. मोजून घ्या."

सावेल्येवने रांगेला मोजणीचा हुकूम दिला.

ओबुखोव्हच्या उजवीकडे मोकळी जागा होती. तिच्यात बर्फ पडत होतं.

एक.

दोन.

तीन. चार. आकडा त्याच्यापासून लांब गेला, गळपट्ट्यांतून, खोकल्यांतून, बर्फाआड. त्याला रांगेचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

अठरा.

"अठरा," कॅप्टनने कागदावर बघत म्हटलं. "बरोबर. पूर्ण."

बरोबर.

 पाव शतकात रांगेचा आकडा आणि कागदाचा आकडा कधी जुळला नव्हता. आज जुळला. म्हणजे सावेल्येवने लिहिलं होतं. म्हणजे मुख्यालयाने घेतलं. म्हणजे त्या कॅप्टनने आत्ता, स्वतःच्या तोंडाने, रोदिओनला बरोबर म्हटलं होतं. पूर्ण म्हटलं होतं. ओबुखोव्हने गळपट्टा आणखी वर ओढून घेतला.

इन्ना रोबेर्तोव्हनाने झडप उघडली. नळी फुगली आणि ताठ झाली.

रांग मोडली. माणसं लॉरीकडे पांगली. कुणीतरी थर्मासमधून चहा ओतत होतं.

तीन ठोके.

जहाजाच्या मागच्या अंगातून, पाण्याच्या रेषेजवळून. जरा थांबून पुन्हा तीन.

"ऐका," चहा ओतणारा म्हणाला. "रोद्या निरोप घेतोय." बाकीचे हसले, पण हळू, टोपी काढून हसावं तसे. एकाने खरंच टोपी काढली. दुसरा म्हणाला, ठोक बाबा, तुला आता गोदीपर्यंत एकट्यालाच जायचंय. इन्ना रोबेर्तोव्हनाने विचारलं कसला आवाज, तर तिला सांगितलं, काही नाही बाई, आमचा जुना माणूस आहे, नेहमीचं आहे.

ओबुखोव्हने ठोके ऐकले आणि त्याला वाईट वाटलं नाही. उलट तो मनात म्हणाला, ठोकू नकोस आता, उतरलास तू. अठरांत आहेस. आणि तो कमांडरचे आभार मानायला गेला.

*

सावेल्येव कॅप्टनच्या गाडीपाशी सही करत होता. ओबुखोव्हने सरळ उभं राहून, मोठ्या कष्टाने शब्द गोळा करून सांगितलं, की साहेब, तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही.

"काय केलं?"

"शिल्यायेवचं. आकड्यात घेतलंत."

सावेल्येवची सही अर्ध्यावर थांबली. त्याने आधी कॅप्टनकडे पाहिलं, मग ओबुखोव्हला दोन पावलं बाजूला नेलं.

"लाव्रेंती कुझ्मिच, मला माफ करा. मी लिहिलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. आठवडा झाला. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

"पण अठरा..."

"अठरा जिवंत माणसं आहेत. कागदावर तेवढीच आहेत."

अठरा जिवंत.

रांगेत एक म्हणजे रोदिओन.

मग रांगेत

ओबुखोव्हने मान वळवली. लॉरीकडे बघितलं. गळपट्टे, टोप्या, वाफ. कोण कोण आहे ते कळेना. तो चालत सुटला. माणसांचे खांदे धरून वळवत, गळपट्टे खाली ओढत. एकाचा चहा सांडला. फोकिन कुठाय? आत्ता तर होता. कधी? सकाळी. तुझ्या डावीकडे नव्हता का? माझ्या डावीकडे कुणी नव्हतं, मीच शेवटचा होतो, मीच म्हटलं अठरा. मग तू का बोलला नाहीस? बोलायचं काय, मला वाटलं तो आधीच्या लॉरीने गेला, आणि त्यांनी बरोबर म्हटलं की.

पुन्हा ठोके. तीन नव्हते. दोन.

*

"बंद करा!" ओबुखोव्ह इन्ना रोबेर्तोव्हनाकडे धावत म्हणाला. "आत माणूस आहे."

तिने झडपेवर हात ठेवला, पण फिरवला नाही. तिने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन गाडीतून बाहेर आला. त्याने कागद वर धरला. अठरा उतरायचे होते, अठरा उतरले. गॅस सुरू झाल्यावर खोली उघडायची तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, ओढणारी बोट उद्या सकाळी येतेय. ह्यांनी काहीतरी आवाज ऐकला म्हणून? आणि ही माणसं आत्ताच म्हणत होती ना, नेहमीचं आहे म्हणून?

"आमची मोजणी चुकीची आहे," ओबुखोव्ह म्हणाला.

"मी इथेच उभा होतो. अठरापर्यंत झाली. काय चुकलं?"

काय चुकलं ते सांगायला एक वाक्य पुरणार होतं. ते वाक्य मुख्यालयाच्या माणसासमोर, सगळ्या रांगेसमोर म्हटलं, की रोदिओनला कुठल्याही जहाजावर, कुठल्याही कागदावर कुणी घेणार नाही. हे त्याला स्पष्ट दिसलं. ते म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढ्याने आतली हवा कमी होणार होती, हेही दिसलं. आणि आणखी एक दिसलं. एक बंद दार आणि दाराशी उभे असलेले पाच जण, हुकमाची वाट बघत.

"पहिला आकडा," तो म्हणाला. "एक. तो मी म्हटला."

"म्हणजे तुम्ही पहिले."

"नाही. मी दुसरा. पहिला कुणी नव्हता."

"कुणी नव्हता म्हणजे?"

"शिल्यायेव जहाजावर नाही," ओबुखोव्ह म्हणाला. हे तो मोठ्याने, हजेरीच्या आवाजात म्हणाला. "इथेही नाही. तो मेला. माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं. रांगेत सतराच माणसं आहेत."

 ज्याने टोपी काढली होती त्याने ती अजून हातातच धरली होती.

इन्ना रोबेर्तोव्हनाने झडप बंद केली. कॅप्टनला विचारलं नाही. गाडीतून हवेचा एकुलता एक मुखवटा काढून तिने तो ओबुखोव्हच्या छातीवर आदळला आणि म्हणाली, वापरता येतो ना, मग जा, मी पंखा लावते.

*

शिडी. मुखवट्याचे पट्टे. दिवा.

पाचरी काढायला दोन जण होते. चाक फिरलं. दार बाहेर ओढलं गेलं आणि आतून काही आलं नाही. ना वाफ, ना वास.

आत काळोख, आणि त्या काळोखात तेच सगळं : टर्बाइनची पाठ, जाळीची वाट, खाली उतरणारी दुसरी शिडी. किती वेळा इथे चिंध्या कोंबल्या होत्या. किती वेळा दांडा फिरवला होता. मुखवट्यात त्याचाच श्वास त्याला मोठा ऐकू येत होता. त्याला वाटलं, खाली कुणीतरी बसलं आहे आणि त्याचं तोंड दिव्याच्या बाजूला वळलं तर ते फोकिनचं नसेल.

ते फोकिनचंच होतं. चाकाच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन, हातात पाना. दार लावलं तेव्हा तो तिथे खाली वाकलेला होता, पंख्याच्या घरघरीत त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. पट्टीचे तीन स्क्रू निघाले होते. चौथा गंजला होता. पट्टी एका कोपऱ्यावर लोंबत होती.

ओठ निळे. पण गळ्याशी बोट लावलं तर काहीतरी होतं.

ओबुखोव्हने मुखवटा त्याच्या तोंडाला लावला, श्वास धरून त्याला शिडीपर्यंत ओढलं, मग स्वतः दोन श्वास घेतले, मग पुन्हा त्याला दिला. वरून हात खाली आले होते. कुणाचे ते त्याने पाहिलं नाही. त्या हातांनी फोकिनला वर खेचलं.

तो एकटा खाली राहिला तेव्हा त्याने दिवा फिरवून खोलीकडे एकदा बघितलं. पट्टी हलत होती. एका स्क्रूवर, हळूहळू. वरून पंख्याची हवा येत होती म्हणून.

त्याने ती काढली नाही.

*

फोकिन जगला. महिनाभर इस्पितळात होता. बोलताना त्याचा शब्द मध्येच हरवतो आणि तो सापडेपर्यंत तो तोंड उघडं ठेवून बसतो. ओबुखोव्ह त्याच्यासाठी सफरचंदं आणि काळा पाव घेऊन जायचा. एकदा फोकिन म्हणाला, "मी ठोकत होतो तेव्हा मला माहीत होतं, तुम्ही काय म्हणत असणार ते." मग बराच वेळ शब्द शोधला. "मी स्वतःच म्हणायचो ना."

चौकशी झाली. सावेल्येवची बदली झाली. मुख्यालयातून हुकूम निघाला की कायमच्या हजेरीतली नावं पुकारावीत, पण मोजणीत धरू नयेत, आणि कापलेल्या जहाजांवरची तशी नावं संपली असं समजावं. ओबुखोव्हने स्वतःच्या तोंडाने दिलेला जबाब त्या हुकमाला जोडलेला होता : शिल्यायेव जहाजावर नाही.

जहाज ओढून नेलं तेव्हा तो धक्क्यावर होता. रंगवलेली बाजू आधी दिसली, मग बोटीने त्याला वळवलं आणि दुसरी बाजू दिसली. खाडीच्या वळणाशी गेलं तरी तो कान देऊन उभा होता. मागच्या अंगातून काहीच आलं नाही. तेव्हा आलं असतं तर त्याने कुणाला सांगितलं असतं?

आता तो किनाऱ्यावरच्या खोलीत राहतो. भिंतीआड शेजाऱ्याचा नळ दणकतो. तो दर वेळी उठतो, बाहेर येतो, शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून विचारतो, सगळे ठीक आहात ना. शेजारी वैतागले आहेत.

नौदल दिनाला त्याने दुपारपर्यंत वाट बघितली. मग व्यात्काला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग म्हातारीचा आवाज आला, गेल्या वर्षीपेक्षा लांबून.

"आहे ना रे?"

"आई," ओबुखोव्ह म्हणाला. "जहाज गेलं. कापून टाकलं."

"आणि तो?"

त्याने पंधरवडे, महिने जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही.

"तो उतरला, आई. आधीच उतरला."

पलीकडे कुठेतरी दार करकरलं, ती फोन घेऊन दारापर्यंत गेली असावी. परत आली तेव्हा तिला दम लागला होता.

"इकडे अजून आला नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे येऊन गेला का?"

ओबुखोव्हने खोलीत बघितलं. खाट, खुर्ची, खिडकी.

"नाही," तो म्हणाला.

"मग वाटेत असेल," म्हातारी म्हणाली. "तू फोन ठेव आता. तो करायला बघत असेल आणि लागत नसेल."